माझेच ४२ डबे, आणि तिकीट ४०० रुपये

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको. ज्या कार्यक्रमाबद्दल लिहितोय त्यातला बराचसा माल माझ्याच गाळ्यातून गेलेला आहे. भवानी पेठेत आमचं भंगाराचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मला नाचातलं ओ की ठो कळत नाही, पत्र्यातलं कळतं. तेव्हा हा रिव्ह्यू पत्र्याच्या बाजूने लिहिलाय असं समजून वाचा.

ग्रुपचं नाव लिहीत नाही. पोरं नवीन आहेत, पदरचे पैसे घालून करतायत, आणि पुढे मी दोन-चार गोष्टी कडक लिहिणार आहे. पुण्यात ज्याला शोधायचंय त्याला सापडेल. पोस्टरवर तेलाच्या डब्यावर ठेवलेला एक पाय आहे, घुंगरू बांधलेला.

दिवाळी झाल्यावर दोघीजणी स्कूटरवरून गाळ्यावर आल्या. एक उंच, केस बारीक कापलेली, ती नाच बसवणारी. दुसरी ते सगळं उभारणारी, म्हणजे मांडणशिल्प की काय म्हणतात ते. "काका, तेलाचे रिकामे डबे आहेत का, पंधरा किलोचे?" म्हटलं आहेत, किती पाहिजेत? तर म्हणाली, "आधी ऐकू द्या."

भंगारात डब्याचे दोन भाव असतात. अख्खा असेल तर नगावर जातो. फरसाणवाले नेतात, झाडं लावणारे नेतात. चेपला की तो डबा राहत नाही, लोखंड होतो, मग किलोवर. तिसरा भाव मी तोवर ऐकला नव्हता. ती पोरगी बारदानाच्या गठ्ठ्यावर बसली, एकेक डबा पालथा घेतला, बोटाच्या पेराने तळावर टकटक केली, कान जवळ नेला, मग उभी राहून त्यावर टाच दाबली. साठ-पासष्ट डबे होते, त्यांतले ४२ निवडले. निवडून तीन ढीग केले. "हे खालचे, हे मधले, हे वरचे." आमच्या काट्यावरच्या पोराला वाटलं ती भोक बघतेय. मलाही पहिली दहा मिनिटं तसंच वाटलं. मग मी पण कान दिला. तीस वर्षं पत्र्याच्या आवाजात बसलोय, संध्याकाळी डोकं उठतं त्याने. पण त्यात खालचा-वरचा असतो हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन डबे, आणि बोलतात वेगळे.

डब्यांशिवाय त्यांनी ३ पन्हळी पत्रे नेले, सायकलच्या १२ रिमा, वॉशिंग मशीनचे २ ड्रम आणि एक लोखंडी खाट. टेम्पोत भरताना सवयीने सगळं काट्यावर घेतलं. ११८ किलो. वहीत लिहून ठेवलं. पैसे अर्थात नगावरचे लावले, वापरायच्या मालाचे. जाताना एकच सांगितलं, पत्र्याच्या कापलेल्या कडा मुडपून घ्या, पोरं अनवाणी नाचणार असतील तर. दोघींनी मान डोलावली.

जानेवारीत त्यांचा फोन आला, काका या. पास देत होत्या. मी घेतला नाही, तिघांची तिकिटं काढली, ४०० रुपये माणशी. धंद्यात फुकट घेतलं की बोलायचा हक्क जातो.

जागा म्हणजे बिबवेवाडीच्या बाजूची एक जुनी वर्कशॉपची शेड. रस्त्यावरून आत बोळ आहे, बोर्ड छोटा आहे, रात्री दिसत नाही. चारचाकी नेऊच नका. सातची वेळ होती, सुरू झालं सात पंचवीसला. प्यायचं पाणी ठेवलं होतं, स्टीलच्या पिंपात, बाटल्या नव्हत्या, हे बरं केलं. स्वच्छतागृह एकच, पण स्वच्छ.

बसायची सोय हा या कार्यक्रमातला सगळ्यात वाईट भाग. ट्रकचे जुने टायर आडवे टाकून त्यावर गोधड्या. फोटोत छान दिसतं. बसलं की माणूस हळूहळू भोकात जातो. पंधराव्या मिनिटाला माझे गुडघे छातीशी होते. आमच्या मंडळींना शेवटी उठवायला दोन पोरं लागली, आणि त्या घरी येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, जसे टायर मीच विकले होते. (टायर आमच्याकडचे नव्हते. आम्ही रबर घेत नाही.) मागच्या भिंतीला दहा-बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. पन्नाशीच्या पुढच्यांनी लवकर जाऊन त्या धरा, लाजू नका.

आत गेल्यावर आधी वीस मिनिटं नुसतं फिरून बघायचं असतं. मधोमध रिमांचं झाड केलंय, एकात एक अडकवून, वारा आला की फिरतं. ड्रमच्या आत दिवे सोडलेत. कपडे धुवायच्या ड्रमला सगळीकडून भोकं असतात, त्यामुळे छपरावर हजारो ठिपके पडतात, आणि ड्रम हळू फिरवला की सगळं छप्पर सरकतं. गाळ्यात तोच ड्रम आम्ही खिळे ठेवायला वापरत होतो! ज्याने हे दिवे केले त्याला पूर्ण मार्क. छताला एका बाजूला चेपलेले डबे टांगले होते, चौदा. ते तसे का, हे नंतर कळलं.

आता तक्रार. मी ३ पत्रे दिले होते. मागची आख्खी भिंत पत्र्यांची होती, वीसेक तरी. बाकीचे कुठून आणले असतील म्हणून जवळ गेलो. गंज रंगवलेला होता. नवा पत्रा आणून त्यावर तपकिरी रंग मारलेला, मध्ये मोठे डाग, कडा कोऱ्या चकचकीत. उलटं असतं हो. पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो जिथे तुटतो तिथून गंज शिरतो. म्हणजे कापलेली कड, खिळ्याचं भोक, दोन पत्रे एकावर एक येतात ती पट्टी. तिथून सुरू होऊन तो आत सरकतो. पोटात डाग आणि कडेला काहीच नाही, असा पत्रा वीस वर्षं पावसात ठेवला तरी होत नाही. माझे तीन त्या भिंतीत लांबून ओळखू येत होते, गर्दीत गावाकडची माणसं ओळखू यावीत तसे.

माझ्या खिशात चुंबक असतं, कायम. धाकटी म्हणाली, बाबा, इथे नको. पण कोपऱ्यात जुन्या भांड्यांची उतरंड रचली होती आणि खाली पाटी होती, 'आजीचं पितळ'. वरचे दोन तांबे खरे होते. खालच्या घंगाळाला चुंबक लावलं, टच्चकन चिकटलं. सोनेरी रंग मारलेलं लोखंड. पितळेला चुंबक चिकटत नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. खरं घंगाळ परवडलं नसेल हे समजतो मी. तांबं सगळ्यात महाग, त्याखाली पितळ, आणि लोखंडाच्या कितीतरी पट. पण मग पाटी लावू नये.

बरं, हे झालं मालाचं. नाच सुरू झाला तेव्हा माझा मूड असा होता, की चारशे रुपये गेले.

पहिला तुकडा साड्यांचा. बोहारणी भांडी देऊन जुनी लुगडी-साड्या नेतात, तशा घेतलेल्या साड्यांच्या जाड वेण्या घालून छतावरून सोडल्या होत्या. नाचणारे त्या धरून झुलतात, चढतात, शेवटी वेणी सोडवत खाली येतात आणि साडी पूर्ण उलगडते. चांगला आहे, जरा लांबलाय. मजा बघणाऱ्यांत होती. साडी उलगडली की बायकांच्या रांगेतून आवाज यायचा. एक जांभळी इरकल उलगडली तेव्हा मंडळी एकदम म्हणाल्या, "अगं बाई, ही आईकडे होती." शेजारची अनोळखी बाई म्हणाली, "आमच्याकडे पण." डांबराच्या गोळ्यांचा वास शेवटपर्यंत शेडमध्ये राहिला.

मग माझे डबे.

नऊ जण होते, सात पोरी आणि दोन पोरं. आले, खाली बसले, आणि पोस्टरवर आहेत ते घुंगरू सोडून ठेवले. ओळीने. कुणी काही बोललं नाही. मग चौदा डबे पालथे मांडले, एकेका डब्यावर एकेक जण चढला, पाच डबे मोकळे.

आता हे नीट सांगतो, कारण कार्यक्रमाचं मर्म इथे आहे आणि पेपरात छापून आलेल्या दोन ओळींत ते कुणी लिहिलेलं नाही. डब्याचा तळ दिसायला सपाट असतो, पण तो ताणलेला असतो. टाच दाबली की टक करून आत जातो. टाच उचलली की आपला आपण परत वर येतो, आणि येताना आणखी एक आवाज करतो. पहिल्यापेक्षा बारीक, जरासा उशिरा. गाळ्यात डबे तुडवताना आम्ही हा आवाज दिवसातून शंभरदा ऐकतो. या पोरांनी त्या उशिराचा हिशोब केला होता. पाय पडत होता तो मात्रेवर, आणि डबा परत येत होता तो दोन मात्रांच्या मधल्या जागेत. नाचत होती नऊ माणसं, ऐकू येत होती अठरा. ते खालचे, मधले, वरचे ढीग केले होते ना, ते आता कळले. एका बाजूने सुरू झालं की आवाज पायऱ्या चढल्यासारखा दुसऱ्या टोकाला जायचा आणि मागोमाग परतीचे आवाज त्याच पायऱ्या चढत यायचे. कसबा पेठेत तांबट आळीत मठारकाम जोरात चालू असताना तुम्ही कधी गेला असाल, तर एका ठोक्यात दुसऱ्या घरचा ठोका कसा मिसळतो ते आठवा. तसं काहीसं.

पण पत्रा किती वेळा परत येणार? दणके खाऊन खाऊन त्याला घडी पडते. मग तो आत जातो तो जातोच. आम्ही म्हणतो, डबा बसला. चौथ्या मिनिटाला पहिला डबा बसला. आवाज बदलला, टकऐवजी बद. त्यावरची पोरगी थांबली, खाली उतरली आणि मोकळ्या डब्यावर गेली. मग दुसरा बसला. मग पटापट तीन. मोकळे डबे संपले. आता दोघं एका डब्यावर, एकमेकांना धरून, एक पाय याचा एक तिचा. मग तिघं. लय तीच ठेवली होती, थांबली नाही एकदाही. शेवटी एकच डबा बोलत होता, त्यावर एकच पाय, बाकीचे आठ जण भोवती कडं करून त्या पोरीला तोलून धरलेले. टक, आणि परतीचं टिक. टक, टिक. टक. आणि टिक आलाच नाही.

शेडमध्ये कुणी हललं नाही. टायरमधून हलता येत नव्हतं हेही खरं, पण त्यामुळे नव्हे.

नंतर त्या उंच पोरीला विचारलं, शेवटचा डबा कुठला राहणार हे ठरलेलं असतं का? म्हणाली, "नाही काका, आम्हालाही माहीत नसतं. काल सहा मिनिटांत संपलं, आज नऊ." मग बाकीचं डोक्यात उजाडलं. तीन प्रयोग, दर प्रयोगाला चौदा डबे, म्हणून ४२. आणि छताला टांगलेले चौदा चेपलेले, ते कालचे. आज बसलेले उद्या त्यांच्या शेजारी टांगणार. नाच संपला की जे उरतं त्याचीच मांडणी होते. हे मला फार आवडलं. बाकी ठिकाणी नाच एकीकडे होता आणि सामान एकीकडे. इथे पत्रा नाचणाऱ्याला उतरायला लावत होता आणि नाचणारा पत्र्याला डबा म्हणून संपवत होता. धाकटी म्हणते हीच या प्रकाराची कसोटी. मी म्हणतो तसं असेल, पण पोरांनो, मग रंगवलेला गंज कशाला आणलात?

त्यानंतर खाटेचा तुकडा, दोघांचा. खाट माझीच, एका बंद झालेल्या वसतिगृहातून आलेली. उभी केली की खिडकीचे गज, आडवी केली की खाट, उलटी केली की पिंजरा. ठीक. कुरकुर चांगली वापरली.

आणि मग वीस मिनिटं प्लॅस्टिक. हा भाग काढून टाका, हात जोडून सांगतो. पाण्याच्या बाटल्यांचा डोंगर, त्यात सगळे लोळतायत, वरून ध्वनिमुद्रित आवाज, पृथ्वी रडते आहे वगैरे. बाटल्या सगळ्या एकाच मापाच्या, झाकणासकट, एकीलाही चेप नाही. रस्त्यावरून वेचलेली बाटली अशी नसते. ती चपटी असते, तिच्यात माती असते, झाकण वेगळं गेलेलं असतं. तीनदा ऐकवलं, 'कचऱ्याला नवा जन्म'. आमच्या धंद्यात कुणी कचरा म्हणत नाही, माल म्हणतो. आणि तो कचऱ्याचा माल कोण करतं? पहाटे पाचला ज्या बाया गोणी घेऊन निघतात त्या. या शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ साली उभी राहिली, २००८ पासून त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या बाया दारोदार जातायत, कडक प्लॅस्टिक वेगळं, नरम वेगळं, हात लावून नुसत्या स्पर्शाने सांगतात कुठलं काय. सत्तर मिनिटांच्या कार्यक्रमात, पुनर्वापर या विषयावर, पुण्यात, त्यांचं नावसुद्धा नाही. पत्रकात आभार मानलेत ते कॉफीवाल्यांचे.

त्याच पत्रकात असंही छापलंय की टाकाऊ वस्तू आणि नृत्य यांचा असा संगम भारतात प्रथमच. हे छापण्याआधी आमच्या टेम्पोवाल्याला विचारायला हवं होतं. तो जव्हारचा. मी त्याला गाडीत हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "मग शेठ, आमचा बोहाडा काय आहे?" त्यांच्याकडे जव्हार-मोखाड्याला बोहाडा होतो, रात्रभर, देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर नाचतात. पूर्वी मुखवटे लाकडाचे असायचे, मग कागदाच्या लगद्याचे आले. रद्दी भिजवायची, कुटायची, लगदा थापायचा, वाळला की रंग. म्हणजे आमच्याकडची रद्दी तिकडे रावण होऊन कधीची नाचतेय. लाकडाचा मुखवटा मानेवर बसतो, कागदाचा हलका पडतो, त्यामुळे मान फिरवता येते, असं तो म्हणाला. हे ऐकल्यावर मला डब्यांचा तुकडा आणखी कळला. वस्तू बदलली की चाल बदलते.

धाकटी कॉलेजात कला शिकते, तिने घरी आल्यावर मोबाइलवर अमेरिकेतलं दाखवलं. रॉबर्ट राउशेनबर्ग नावाचा चित्रकार, मर्स कनिंगहॅम नावाचा नाच बसवणारा. १९५४ मध्ये त्या राउशेनबर्गने कनिंगहॅमच्या नाचासाठी लाकूड, कापडं, कागद चिकटवून एक उभं चित्र केलं, आणि नाचणारे त्याच्या आतबाहेर जायचे. १९६३ च्या 'स्टोरी' नावाच्या नाचात तर पुढची पायरी. ज्या गावी प्रयोग, त्या गावी थिएटरच्या आसपास जे सापडेल त्यातून तो त्या दिवसाचं नेपथ्य उभं करायचा. दर गावाचं वेगळं. हे मला एकदम पटलं. गावाचं भंगार बघितलं की गाव कळतं. नाशिक रोडचं भंगार आणि कोल्हापूरचं भंगार एक नसतं. इचलकरंजीहून येणाऱ्या मालात मागाचे सुटे भाग निघतात, आमच्या पेठांतून पूर्वी छापखान्याचं शिसं निघायचं. या ग्रुपने कधी दौरा काढला तर वीस रंगवलेले पत्रे टेम्पोत घालून नेऊ नयेत, उतरतील तिथल्या भंगारवाल्याकडे जावं. भाडंही वाचेल.

२०१४ मध्ये आम्ही वैष्णोदेवीहून येताना चंदीगडला रॉक गार्डन बघितलं होतं. नेकचंद सैनी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक. १९५७ च्या सुमारास सरकारी जंगलात गुपचूप सुरुवात केली, नवं शहर वसवताना पाडलेल्या गावांतला राडारोडा सायकलवरून नेऊन. लोकांना खुलं झालं १९७६ मध्ये. तिथे फुटक्या बांगड्यांच्या बायका रांगेने उभ्या आहेत, शेकड्याने, हात वर केलेल्या, जणू कुणी ढोल वाजवला की सुरू होतील. मी तेव्हा तासभर फक्त माल बघत फिरलो होतो. हे सॉकेट, हा बेसिनचा तुकडा, हे पिंप. तिथे एकही वस्तू रंगवून जुनी केलेली नव्हती. त्या माणसाकडे जुनं ढिगाने होतं, वेळही होता. या पोरांकडे दोन महिने होते. समजून घेतो. तरी लिहितो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. शेवटच्या तुकड्यात सगळे पत्र्यांच्या भिंतीवर धावून जातात आणि पायाने ते वाजवतात. एका पोराचा तळपाय कापला. मला दिसलं, कारण मी त्याच पत्र्याकडे बघत होतो, माझा होता तो. रक्ताचा पट्टा उमटला. तो थांबला नाही, कुणी थांबवलंही नाही, लंगडत पूर्ण केलं, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाहेर एकजण म्हणत होता, काय कमिटमेंट आहे. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. तसाच आत गेलो. पोराला खाली बसवलं होतं, पायाला रुमाल. विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस? तो हसला, म्हणाला शाळेत असताना बहुतेक. म्हटलं हसू नकोस, आत्ता ऊठ आणि जा. आमच्या गाळ्यात काट्यावरच्या पोरापासून माझ्यापर्यंत सगळ्यांची तारीख वहीत लिहिलेली आहे. गंज असो नसो, मातीत पडलेल्या पत्र्याने कापलं की जायचं म्हणजे जायचं. त्याला धाकटीच्या स्कूटरवर बसवून पाठवला. मग भिंतीपाशी जाऊन माझे तिन्ही पत्रे बघितले. दोनांच्या कडा मुडपलेल्या होत्या. तिसऱ्याची राहिली होती. नाच बसवणारी म्हणाली, "काका, आदल्या रात्री वेळच पुरला नाही." मी तिला रागावलो. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन हातोडी आणि पक्कड घेऊन मीच बसलो, आणि नवे रंगवलेले वीसही तपासले. ते निदान सरळ कापलेले होते.

जावं की नाही? जावं. डब्यांच्या त्या नऊ मिनिटांसाठी चारशे रुपये जास्त नाहीत, मी पुन्हा देईन. मार्चमध्ये आणखी तीन प्रयोग करणार म्हणतात. डब्यांची ऑर्डर अजून आलेली नाही, आली की खरं मानू. पहिल्या रांगेत बसू नका, मधल्या वेळी एक डबा घरंगळत आला होता. लहान मुलं न्या, फक्त प्लॅस्टिकच्या वेळी ती कंटाळतील, तेव्हा बाहेर भेळ मिळते.

तिसरा प्रयोग झाल्यावर बुधवारी सगळा माल परत आला, विकायला. डबे बसलेले, म्हणजे आता किलोवर. काट्यावर घेतलं तर १०९ भरलं. वही उघडून दाखवली, गेलं होतं ११८. नऊ किलो कुठे गेलं? रिमा मोजल्या, बारा. ड्रम दोन, खाट होती, पत्रे तीन. डबे मोजले तर तेहतीस. उंच पोरगी जरा ओशाळली. म्हणाली, माणशी एकेक घरी नेला काका, सगळ्यांनी. डबा साधारण किलोचाच असतो, हिशोब जुळला.

पैसे मी १०९ चेच दिले.